घासाचे खालचे पान आधी बघा

लसूणघास, चवळी, स्टायलो यांसारख्या द्विदल चाऱ्यातील मॅग्नेशियमची कमतरता कशी ओळखावी आणि कशी भरून काढावी

विळा घेऊन लसूणघासाच्या वाफ्यात उतरलो की आपली नजर शेंड्यांवर असते. घास किती वाढला, फुलावर आला का, आज कोणता वाफा कापायचा, एवढेच आपण पाहतो. मुठीत आलेल्या पेंडीच्या बुडाकडे सहसा कोणी बघत नाही. पण या पिकाची एक मोठी भूक तिथेच, बुडाच्या जुन्या पानांवर लिहिलेली असते. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, असे पान तिथे दिसू लागले तर मॅग्नेशियमचा विचार करण्याची वेळ आली आहे असे समजावे.

पान पिवळे दिसले की आपल्याकडे ठरलेले दोन उपाय होतात. एक तर 'केवडा पडला' म्हणून युरिया फेकला जातो, नाहीतर दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली येते. मॅग्नेशियमची कमतरता असेल तर हे दोन्ही उपाय वाया जातात. युरियात मॅग्नेशियम नाही. ग्रेड-२ या फवारणीच्या मिश्रणात जस्त, लोह, मंगल, तांबे, मॉलिब्डेनम आणि बोरॉन असते, पण त्यातही मॅग्नेशियम नाही. बाटलीवर 'मंगल' वाचून अनेकांना ते मॅग्नेशियमच वाटते. मंगल म्हणजे मँगनीज, ते वेगळे मूलद्रव्य आहे. मॅग्नेशियमची गणना कॅल्शियम आणि गंधकाबरोबर दुय्यम अन्नद्रव्यांत होते. 'दुय्यम' या शब्दावर जाऊ नका. पिकाला ते नत्र-पालाशापेक्षा कमी लागते, पण सूक्ष्म अन्नद्रव्यांपेक्षा कितीतरी जास्त लागते.

या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. पिशवी उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: पिवळे पान जुने की कोवळे, जमीन कोणती, आणि गेल्या वर्षभरात या वाफ्यात काय काय टाकले? या तीन उत्तरांतून बहुतेक वेळा निदान हाती लागते.

पानात मॅग्नेशियम काय करते

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलस्टेटर यांना हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मॅग्नेशियमचे हे स्थान त्यांच्याच कामातून स्पष्ट झाले. म्हणून मॅग्नेशियम कमी पडले की पान पिवळे होते, एवढे बहुतेकांना माहीत असते.

मात्र निरोगी पानातल्या एकूण मॅग्नेशियमचा साधारण पाचवा हिस्साच हरितद्रव्यात असतो. उरलेले मॅग्नेशियम दुसऱ्या कामांत गुंतलेले असते, आणि चारा पिकाच्या दृष्टीने तीच कामे अधिक मोलाची आहेत. पानात तयार झालेली साखर मुळांकडे पाठवायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा पेशीत ज्या रूपात वापरली जाते, त्यात मॅग्नेशियम सोबत लागतेच. ते कमी पडले की साखर पानातच साठून राहते आणि मुळे उपाशी राहतात. हे पान पिवळे दिसण्याच्या आधीच सुरू झालेले असते.

लसूणघासासारख्या पिकाला हा फटका दुहेरी बसतो. कापणीनंतर नवीन फूट येते ती मुळांत आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नावर. मुळांचे कोठार रिकामे असेल तर पुढची कापणी उशिरा येते आणि विरळ येते. दुसरा फटका मुळांवरच्या गाठींना. हवेतला नत्र बांधणारे जिवाणू त्या गाठींत राहतात आणि त्यांचे पोट पानाकडून येणाऱ्या साखरेवर चालते. शिवाय नत्राचा एक रेणू बांधण्यासाठी ऊर्जेची किमान १६ एकके खर्च होतात आणि त्या प्रत्येक एककासोबत मॅग्नेशियम लागते. म्हणजे मॅग्नेशियम घटले की नत्र घटतो, नत्र घटला की प्रथिने घटतात, आणि ज्या प्रथिनांसाठी आपण घास लावला तीच कमी होतात.

आधी खालचे पान का?

मॅग्नेशियम झाडात फिरते. मुळांकडून पुरवठा कमी झाला की झाड जुन्या पानांतले मॅग्नेशियम काढून कोवळ्या शेंड्याला देते. म्हणून कमतरतेची पहिली खूण नेहमी खालच्या, जुन्या पानांवर येते आणि शेंडा बराच काळ हिरवागार दिसत राहतो. लोहाचे याच्या उलट आहे. लोह एकदा पानात बसले की तिथून सहसा हलत नाही, म्हणून लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते.

लसूणघासात खूण अशी दिसते: खालच्या त्रिदलाच्या शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्या मधला भाग फिकट, मग पिवळा होतो. पुढे कडांवर आणि शिरांच्या मध्ये तपकिरी डाग पडतात आणि पान गळते. काही द्विदल चाऱ्यांत, विशेषतः क्लोव्हरच्या जातींत, जुन्या पानांच्या कडांना तांबूस-जांभळी झाक येते. चवळीचे पान मोठे असल्यामुळे तिच्यात हिरव्या शिरांची जाळी सर्वांत स्पष्ट वाचता येते. शंका असेल तर वाफ्याच्या कडेला चवळीच्या दोन ओळी पेरून पाहा.

आणखी एक खूण उपयोगी पडते. मॅग्नेशियम कमी असलेल्या पानाला कडक ऊन सोसत नाही. साखर अडून राहिल्यामुळे पान उन्हाची ऊर्जा वापरू शकत नाही आणि ती ऊर्जाच हरितद्रव्य जाळते. म्हणून पानाचा जो भाग दुसऱ्या पानाच्या सावलीत असतो तो हिरवा राहतो आणि उघडा भाग आधी पिवळा पडतो. एखादे पान उचलून सावलीचा ठसा दिसतो का, ते पाहा.

फसवणारे पिवळेपण

पिवळे पान म्हणजे मॅग्नेशियमच, असे कधीही धरू नका. घासात पिवळेपणा आणणारी इतर कारणे जास्त वेळा भेटतात. ती एकेक करून बाजूला काढा.

पालाश: जुन्या पानांवरच दिसते, पण लसूणघासात पानाच्या कडेलगत पांढरट-पिवळे बारीक ठिपके उठतात आणि कडा करपते. मॅग्नेशियमची पिवळाई शिरांच्या मधून सुरू होते, पालाशाची कडेवरून.

नत्र: जुने पान शिरांसकट सारखेच फिकट होते, जाळी दिसत नाही. अशा वेळी झाड उपटून मुळांच्या गाठी कापून पाहा. गाठ आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे. हिरवट, तपकिरी किंवा पोकळ असेल तर दोष गाठींचा आहे.

गंधक: पिवळेपणा कोवळ्या पानांपासून, आणि पूर्ण पानावर सारखा.

लोह: कोवळ्या पानांवर हिरव्या शिरांची बारीक जाळी, पुढे पान जवळजवळ पांढरे. चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचणाऱ्या वाफ्यात हे फार दिसते.

बोरॉन: शेंड्याकडची पाने पिवळी-तांबूस, पेरे आखूड, शेंडा गुच्छासारखा.

तुडतुडे: पानाच्या टोकाकडून आत येणारी पाचरीसारखी पिवळी खूण. पान उलटून पाहा, तुडतुडे तिरके पळताना दिसतात.

बुरशी: वरून फिकट डाग आणि पानाच्या खाली राखाडी लव असेल तर तो केवडा रोग आहे, अन्नद्रव्याची कमतरता नव्हे.

कापणीला उशीर: घास दाट वाढून फुलावर गेला की बुडाला ऊन मिळत नाही आणि खालची पाने पिवळी होऊन गळतात. हे नैसर्गिक आहे. अशा वाफ्यात खताचा नाही, विळ्याचा उपाय करावा.

म्हणून निरीक्षण नेहमी वेळेवर कापणी होणाऱ्या वाफ्यात, कापणीनंतर तीन आठवड्यांच्या आसपास, ऊन लागणाऱ्या झाडांवर करा. त्या वेळीही बुडाची पाने हिरव्या शिरांची जाळी दाखवत असतील तर शंका खरी धरावी.

कोणत्या जमिनीत कमी पडते

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकावर वसला आहे आणि या खडकात मॅग्नेशियम भरपूर असते. त्यापासून बनलेल्या काळ्या, मध्यम ते भारी जमिनीत मॅग्नेशियमचा साठा चांगला असतो. दख्खनच्या पठारावरील बोअरच्या जड पाण्यातूनही पिकाला बरेच मॅग्नेशियम मिळते. अशा ठिकाणी घास पिवळा दिसला तर आधी लोह, गंधक, पाणी साचणे आणि कीड यांचा विचार करा. काळ्या जमिनीत गरज नसताना मॅग्नेशियम ओतल्याने फायदा नाहीच, उलट ते अती झाले तर चिकण माती अधिक घट्ट होते आणि पाणी मुरायला अडते.

त्याच बेसाल्टवर कोकणात आणि घाटमाथ्यावर, तसेच गोव्याच्या खडकांवरही, मुसळधार पाऊस युगानुयुगे कोसळत आला. त्या पावसाने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेले आणि मागे उरली लोह-ॲल्युमिनियमची तांबडी, आम्लधर्मी जांभ्याची जमीन. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूरचा पश्चिम भाग, महाबळेश्वरचा परिसर आणि गोव्याची डोंगराळ जमीन या पट्ट्यात मॅग्नेशियमची कमतरता खरोखर शक्य आहे. नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनी आणि उथळ, मुरमाड माळ यांचेही तसेच. त्यांची माती मॅग्नेशियम धरून ठेवू शकत नाही.

जमीन चांगली असूनही पीक उपाशी राहू शकते. मॅग्नेशियम मुळात शिरते त्या दारावर पालाश, अमोनिया रूपातला नत्र आणि कॅल्शियम यांची गर्दी असते, आणि या गर्दीत मॅग्नेशियम सहज मागे ढकलले जाते. दुग्ध व्यवसाय करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. गोठ्याचे धुवण आणि मूत्र आपण सोयीने जवळच्याच वाफ्यात सोडतो. जनावराने खाल्लेल्या पालाशाचा मोठा भाग मूत्रातून बाहेर पडतो. वर्षानुवर्षे एकाच वाफ्यात धुवण गेले, वर पालाशयुक्त खतही पडले, तर त्या वाफ्यात पालाश साचतो आणि मॅग्नेशियम जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. असा वाफा सगळ्यात हिरवा, सगळ्यात उंच असतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. धुवणाचा पाट दर महिन्याला वेगळ्या वाफ्याकडे वळवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

एका कापणीचा हिशोब

घास आपण पूर्ण कापून नेतो, फक्त कणीस काढून बाकीचे झाड शेतात ठेवत नाही. त्यामुळे जे गेले ते पूर्ण गेले. हिशोब करून पाहू.

एका एकरातून एका कापणीला ३.५ टन हिरवा घास निघाला असे धरा. त्यातला सुका भाग साधारण २० टक्के, म्हणजे ७०० किलो. सुक्या भागात ०.३ टक्के मॅग्नेशियम धरले तर एका कापणीबरोबर २.१ किलो मॅग्नेशियम शेताबाहेर जाते. वर्षाला १० कापण्या झाल्या तर २१ किलो. त्याच घासात पालाशाचे मूलद्रव्य २.५ टक्के धरले तर दर कापणीला १७.५ किलो आणि वर्षाला १७५ किलो जाते.

आता दुसरी बाजू. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये मॅग्नेशियम साधारण साडेनऊ टक्के असते. म्हणजे २५ किलोच्या पिशवीत सुमारे २.४ किलो, जेमतेम एका कापणीपुरते. आणि एकरी २०० लिटर पाण्यातून १ टक्क्याची फवारणी केली तर २ किलो मॅग्नेशियम सल्फेट जाते, त्यात मॅग्नेशियम २०० ग्रॅमही नसते. एका कापणीने नेले त्याचा तो दहावा हिस्सासुद्धा नाही.

याचा अर्थ सगळे बाहेरून भरायला हवे असा नाही. जमीन, पाणी आणि शेणखत यांतून बराच पुरवठा होत असतो, आणि लसूणघासाची खोल मुळे खालच्या थरातले मॅग्नेशियम वर आणतात. पण हलक्या किंवा आम्ल जमिनीत फवारणीवर घास जगवता येणार नाही, हे या आकड्यांवरून लक्षात यावे. फवारणी हा प्रथमोपचार आहे, खरे जेवण जमिनीतूनच द्यावे लागते.

खात्री कशी करावी

पहिली पायरी पट्ट्याची. ज्या वाफ्यात शंका आहे तिथे तीन-चार मीटरचा एक पट्टा काठ्या रोवून आखा. त्यावर दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून, पाने ओली होतील इतकी फवारणी करा. शेजारच्या तेवढ्याच पट्ट्यावर नुसते पाणी फवारा. दहा-बारा दिवसांनी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी पाहा. पूर्ण पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. पिवळाई वरच्या पानांवर चढायची थांबली का, एवढे बघा. एक अडचण ध्यानात ठेवा. या खतात गंधकही आहे. कोवळी पाने फिकट असताना फवारणीने घास सुधारला, तर श्रेय गंधकाचे असू शकते. म्हणून आधी जुन्या-कोवळ्या पानांचा निवाडा करायचा.

दुसरी पायरी पानांच्या तपासणीची. पीक कळीवर किंवा नुकतेच फुलू लागले असताना, वाफ्यात नागमोडी चालत ४० ते ५० झाडांचे वरचे १५ सेंटिमीटर शेंडे घ्या. खूण खालच्या पानांवर दिसते, तरी प्रयोगशाळेचे प्रमाण आकडे वरच्या भागासाठी ठरवलेले असतात, म्हणून नमुना वरचाच द्यायचा. माती लागली असेल तर स्वच्छ पाण्यात पटकन विसळा, सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये नमुना कुजतो. फवारलेल्या झाडांचा नमुना घेऊ नका. आणि एक नमुना कधीच पाठवू नका, दोन पाठवा: एक पिवळ्या भागाचा, एक त्याच शेतातल्या चांगल्या भागाचा. या दोन आकड्यांची तुलना पुस्तकातल्या कोणत्याही प्रमाणापेक्षा जास्त शिकवते. लसूणघासाच्या या भागात सुक्या वजनावर मॅग्नेशियम ०.३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर काळजी नाही. ०.२ टक्क्यांच्या खाली गेले तर पीक उपाशी आहे.

तिसरी पायरी मातीची. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासल्या जातात, पण त्यांत मॅग्नेशियम नाही. त्यामुळे पत्रिका हाती असली तरी हा प्रश्न सुटत नाही. माती देताना 'विनिमययोग्य मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पालाश' असे स्वतंत्रपणे लिहून मागा. कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत याबाबत विचारणा करा. आपल्याकडे सर्वसाधारणपणे १०० ग्रॅम मातीत १ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे एका किलो मातीत सुमारे १२० मिलिग्रॅम, ही मर्यादा धरतात. त्याखाली गेल्यास मॅग्नेशियम दिल्याचा फायदा दिसण्याची शक्यता असते. पालाशाचा आकडा शेजारी ठेवूनच हा आकडा वाचा. बोअरचे पाणी देत असाल तर पाण्याचा नमुनाही एकदा तपासून घ्या.

भरपाई: जमीन पाहून खत

आम्ल, जांभ्याच्या जमिनीसाठी डोलोमाइट उत्तम. हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा दगड दळून केलेला चुना असतो. तो दोन कामे करतो: मॅग्नेशियम देतो आणि आम्लता कमी करतो. आम्लता कमी होणे द्विदल पिकाला तितकेच गरजेचे आहे, कारण लसूणघासाच्या गाठी बांधणारे जिवाणू आम्ल मातीत तग धरत नाहीत. मात्रा माती परीक्षणातील चुन्याच्या गरजेवरून ठरवा. पूड जितकी बारीक तितकी लवकर लागू पडते. पेरणीच्या किमान महिनाभर आधी ती पसरून मातीत चांगली मिसळा. उभ्या घासावर वरून फेकलेले डोलोमाइट मुळांपर्यंत फार सावकाश पोहोचते. कोकणात लसूणघासाचा हट्ट धरण्यापेक्षा चवळी, स्टायलो यांसारखे आम्लता सोसणारे चारे घ्यावेत, हेही तितकेच खरे.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत डोलोमाइट वापरू नका. तिथे ते विरघळतच नाही. अशा जमिनीत तपासणीने कमतरता सिद्ध झालीच तर मॅग्नेशियम सल्फेट द्या. ते पाण्यात लगेच विरघळते आणि जमिनीचा सामू बदलत नाही.

हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत मॅग्नेशियम सल्फेट एकदम देऊ नका, ते पाण्याबरोबर खाली निघून जाते. एकरी २० ते २५ किलोचा हप्ता कापणीनंतर, पाणी देण्यापूर्वी द्या आणि दर दोन-तीन कापण्यांनी, पीक व तपासणी पाहून पुन्हा द्या. कीसेराइट नावाचे खत मिळाले तर त्यात मॅग्नेशियम सुमारे १६ टक्के असते आणि ते सावकाश विरघळते, म्हणून हलक्या जमिनीला मानवते. कोणतेही खत घेताना पिशवीवर मॅग्नेशियमचे प्रमाण टक्क्यांत छापले आहे का ते वाचा आणि पक्की पावती घ्या.

फवारणी करायची तर कापणीनंतर दहा-बारा दिवसांनी, पुरेशी पाने आल्यावर करा. मॅग्नेशियम सल्फेटचे ०.५ ते १ टक्क्याचे द्रावण, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. भर दुपारी फवारले तर पाने करपतात. कॅल्शियमयुक्त खत किंवा स्फुरदयुक्त विद्राव्य खत याच टाकीत मिसळू नका, साका तयार होऊन पंपाचे नोझल बंद पडते. आणि फवारलेला घास आठवडाभर तरी जनावरांना घालू नका. हेच मॅग्नेशियम सल्फेट औषधात जुलाबासाठी वापरतात, हे विसरू नका.

पालाश बंद करू नका, त्याचे मोजमाप ठेवा. वर्षाला १७५ किलो पालाश घेऊन जाणाऱ्या पिकाला तो द्यावाच लागतो. पण वर्षाचा पालाश एका दमात देण्यापेक्षा कापण्यांमध्ये वाटून द्यावा. त्यामुळे एकाच वेळी मुळांशी त्याची गर्दी होत नाही आणि पीकही गरजेपेक्षा जास्त पालाश ओढून घेत नाही.

शेणखताची जागा कशानेच भरून निघत नाही. घासातून गेलेल्या मॅग्नेशियमचा मोठा भाग जनावराच्या शेणातच उतरतो. घासाचे शेण गोवऱ्यांत किंवा दुसऱ्याच पिकात गेले तर घासाच्या वाफ्याचे देणे वाढत जाते. पेरणीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत द्या आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर ओळींमधून पुन्हा थोडे पसरवा.

पानातून गाईपर्यंत

या सगळ्या खटाटोपाचे शेवटचे कारण गोठ्यात उभे आहे. एक लिटर दुधातून गाईच्या शरीरातले सुमारे ०.१२ ग्रॅम मॅग्नेशियम बाहेर जाते, म्हणजे १५ लिटर दूध देणारी गाय रोज जवळपास २ ग्रॅम गमावते. कॅल्शियम कमी पडले तर गाय हाडांतून बरेच काढू शकते. मॅग्नेशियमचे तसे नाही, ते तिला रोजच्या चाऱ्यातून रोज मिळावे लागते. त्यात भर म्हणजे चाऱ्यात पालाश जास्त असला की तिच्या पोटात मॅग्नेशियमचे शोषणही कमी होते. म्हणजे जी स्पर्धा मुळाशी चालते तीच पुन्हा पोटात चालते.

याचा टोकाचा परिणाम म्हणजे रक्तातले मॅग्नेशियम घसरून येणारे झटके. थंड देशांत वसंतातल्या कोवळ्या गवतावर सोडलेल्या गाईंमध्ये हा आजार प्रसिद्ध आहे. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९५७ मध्ये दाखवले की चाऱ्यातील पालाशाचे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बेरजेशी असलेले गुणोत्तर, इक्विव्हॅलंटमध्ये मोजल्यास, २.२ च्या वर गेले की धोका वाढतो. आपल्याकडे भरपूर युरिया आणि गोठ्याचे धुवण दिलेले कोवळे संकरित नेपियर किंवा कोवळा मका हाच एकमेव चारा असेल तर सावध राहावे. जनावर कावरेबावरे होणे, कान ताठ, अंगावर थरथर, चालताना तोल जाणे, पडून पाय झाडणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत वेळ घालवू नका, पशुवैद्यकांना त्याच क्षणी बोलवा. यात मिनिटांना किंमत असते.

टाळण्याचा मार्ग मात्र घरचाच आहे. द्विदल चाऱ्यात एकदल गवतापेक्षा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सहसा जास्त असते. म्हणून नेपियर किंवा मक्याच्या कुट्टीत लसूणघास, चवळी, दशरथ घास मिसळून दिला की चाऱ्याचे गुणोत्तर आपोआप सुधारते. लसूणघास कापून थोडा सुकवून, कोरड्या चाऱ्याबरोबर द्या, म्हणजे पोटफुगीचा धोका कमी होतो. सोबत पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण चालू ठेवा. पण ज्या घासावर ही भिस्त ठेवायची, तो घासच मॅग्नेशियमला मुकलेला असेल तर टोपलीत प्रमाण जुळूनही गाईच्या वाट्याला कमीच येणार.

येत्या कापणीला एवढे करा

सारे एकाच दिवशी करायचे नाही. येत्या कापणीला पेंडी बांधण्यापूर्वी वेगवेगळ्या वाफ्यांतली पाच-सहा झाडे बुडापासून कापा आणि खालची पाने पांढऱ्या कापडावर एका ओळीत मांडा. हिरव्या शिरांची जाळी किती पानांवर आहे, कडेचे ठिपके किती पानांवर आहेत, ते मोजून वहीत तारखेसह लिहा. शेजारी त्या वाफ्याचे नाव, शेवटचे खत आणि गोठ्याचा पाट तिकडे होता का, तेही लिहा. तीन कापण्या हा ताळा ठेवा. तोपर्यंत कोणता वाफा उपाशी आहे आणि कोणत्या वाफ्यात पालाश साचला आहे, हे वहीच दाखवेल. मग पट्टा आखा, नमुना पाठवा, आणि आलेल्या आकड्यानुसार डोलोमाइट किंवा सल्फेटची पिशवी उघडा.